मालवणवाले काका

आज चौथा दिवस, तरी तो व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर खाली जायचं नाव घेत नाही. जरा खाली सरकला की कुणीतरी नागपूरची मावशी "आत्ता पाहिला, छान नाचता हं जावईबापू" असं लिहून त्याला परत वर आणते. मी नाचत नव्हतो. मी माईक परत द्यायला निघालो होतो आणि बोट हलली. पण हे आता कुणाकुणाला समजावणार?

इचलकरंजीचा मेहुणा सहकुटुंब चार दिवस आमच्याकडे आला होता, एवढं सांगितलं की पुढचं तुम्हाला कळलंच असेल. गोव्यात घर असलेल्या माणसाला पाहुणे कधी असतात हे विचारायचं नसतं, कधी नसतात ते विचारायचं. मेहुण्याने येतानाच मोबाईलवर यादी आणली होती आणि यादीत पहिलीच ओळ, मांडवी नदीतली नाचगाण्याची बोट.

मी म्हटलं, अरे आज संध्याकाळी कला अकादमीत गाण्याचा कार्यक्रम आहे, तिकीट नाही, एसी आहे, चार्ल्स कोरियांनी बांधलेली वास्तू आहे, मागे नदी आहे, बोटीवरून दिसते तीच नदी. तर मेहुणा म्हणाला, "दाजी, गाणं काय ओ, गाणं इचलकरंजीत बी असतंय. बोट नसती."

याला उत्तर नाही. पंचगंगेत डीजेवाली बोट खरंच नाही.

सकाळी त्यांना पणजी दाखवून आणली होती. आता पणजी ही राजधानी वगैरे ठीक आहे, 1843 पासून आहे, पण 2011 च्या जनगणनेत पालिकेच्या हद्दीत माणसं होती 40 हजार. इचलकरंजीवाल्याला याचं काय कौतुक. चर्चच्या पायऱ्यांवर फोटो झाले. मग जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियाचा पुतळा. हा आमचा कांदोळीत 1756 साली जन्मलेला माणूस, पॅरिसला जाऊन त्याने तिथल्या लोकांना संमोहनाचे प्रयोग करून दाखवले, आणि पुतळ्यात तो पडत्या बाईवर दोन्ही हात रोखून उभा आहे. मी हे सगळं सांगायला तोंड उघडेपर्यंत मेहुणा म्हणाला, "बायकोला मारतोय होय ओ दाजी?" आणि त्याच पोझमध्ये बायकोबरोबर फोटो काढला. वहिनी पडायला तयार नव्हत्या, म्हणून माझ्या बायकोने पडून दाखवलं. तिला इतक्या उत्साहाने पडताना मी लग्नाच्या 27 वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग फोंतेन्यस, रंगीत घरांची जुनी वस्ती. तिथली गंमत अशी की ती वस्ती आहे, तिथे माणसं राहतात, हे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटतच नाही. माझा एक मित्र तिथे राहतो. परवा त्याच्या आईला एका प्री-वेडिंगवाल्याने दारावर टकटक करून सांगितलं म्हणे, की मावशी दोरीवरचा तो निळा टॉवेल काढता का, पिवळ्या भिंतीवर मॅच होत नाहीये. पावसाळा संपला की घराला रंग द्यायचा खर्च यांचा, आणि मॅचिंग बघणार तो! म्हातारीने टॉवेल काढला नाहीच, उलट आतून आणखी दोन आणून वाळत घातले. मला ती बाई फार आवडते.

तर बोट.

कबूल करतो, पणजीत राहून 32 वर्षं झाली, मूळ गाव डिचोलीकडे, पण मांडवीतल्या त्या बोटीवर मी एकदाही चढलो नव्हतो. आम्ही गोयकार बोटीवर चढत नाही. पलीकडे बेतीला जायचं असेल तर फेरीबोट आहे, पायी माणसाला फुकट, आणि तिच्यावर कोणी नाचायला लावत नाही. तिकिटं अर्थात मीच काढली. मेहुणा खिशात हात घालत होता, पण तो हात खिशात किती वेळ राहू शकतो हे मला माहीत आहे.

वर डेकवर प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर स्टेज, स्टेजवर दोन भले मोठे स्पीकर आणि त्यांच्यामध्ये माईकवाला पोरगा. चमकणारं जाकीट, केसांना जेल, वय असेल पंचवीस. बोट सुटल्या सुटल्या त्याने "हॅलोऽऽऽ गोवाऽऽऽ" अशी आरोळी ठोकली. मी एकट्यानेच "हां" म्हटलं, कारण गोव्याचा मी एकटाच होतो. तिथेच त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. माझीच चूक.

मग राज्यवार हजेरी सुरू झाली. गुजरात? होऽऽ. कर्नाटका? होऽऽ. दिल्ली? होऽऽ. महाराष्ट्र? आमची अख्खी रांग होऽऽ, मेहुणा तर खुर्चीवर उभा. मी गप्प. तर हा थेट माझ्यापर्यंत आला आणि माईक तोंडाशी धरून, "अंकलजी, आप बहुत चुप हो, कहां से?"

मी म्हटलं, "पणजी."

तो हसला. सगळ्यांकडे बघून हसला. "अंकलजी मजाक करते हैं! सच बताइये."

"अरे खरंच पणजी. तो बघ, तो टॉवर दिसतो ना, त्याच्या मागे घर माझं."

"ओ, मराठी!" आता तो मराठीत आला. "काका, गोव्याचे लोक बोटीवर येत नाहीत. मी तीन वर्षं झाली इथं, एक पण नाही बघितला. खरं सांगा, सांगली?"

आता बघा, मुद्दा त्याचा बरोबर होता. हेच मी वर तुम्हाला सांगितलं. पण आपलं म्हणणं दुसऱ्याने आपल्याच विरुद्ध वापरलं की जो संताप येतो तो मला आला, आणि संतापलो की मी कोकणीत जातो. आमच्याकडे पेपर मराठी, पूजा मराठी, नाटक मराठी, भांडण मात्र कोकणीत. भाषेवरून इथे ज्यांनी आयुष्यभर वाद घातले त्यांनी माफ करावं, पण भांडणाला तीच बरी. मी म्हटलं, "आरे बाबा, हांव हांगाचोच. बत्तीस वर्सां जालीं पणजे रावतां. तूं खंयचो?"

तो क्षणभर थांबला. डोळे लकाकले. आणि माईकमध्ये ओरडला, "अरे वाऽऽ! मालवणी! लेडीज अँड जंटलमन, मालवणवाले काका! जोरदार तालीऽऽ!"

टाळ्या. शिट्ट्या. मेहुणा सगळ्यात जोरात. बायको तोंडाला पदर लावून हसत होती, आणि तिने पदराची साडी फक्त या कामासाठी नेसली होती की काय असं मला वाटलं.

मी म्हटलं मालवणी नव्हे, कोकणी. तो म्हणाला, "हां हां काका, तेच, कोकण." मी म्हटलं तेच नव्हे. तो म्हणाला, "काका, मालवणपेक्षा गोवा छान ना? बोला, गोवा आवडला?" आणि माईक परत माझ्या तोंडाशी. माझ्याच नदीवर, माझ्याच घरासमोर, आख्खी बोट वाट बघते आहे की या माणसाला गोवा आवडला की नाही. काय बोलणार? "आवडला" म्हटलं.

मी विचारलं, तू स्वतः कुठला? तर छातीवर हात ठेवून, "प्रॉपर गोवा, काका!" तीन वर्षं.

मग कार्यक्रम. गोव्याचा देखणी नाच झाला, फुगडी झाली, पोर्तुगीज कोरिदिन्य नाच झाला, तिन्ही मिळून बारा मिनिटांत. नाचणाऱ्या मुली खरंच छान नाचत होत्या, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही, पण प्रत्येक नाच रंगात येतोय तोवर स्पीकर कापायचा, कारण पुढे "पब्लिक का टाइम" असायचा. आधी लहान मुलं, मग कपल्स, मग ओन्ली लेडीज, मग ओन्ली जंटलमन. या जंटलमन राउंडला मी बाथरूम शोधायच्या निमित्ताने उठलो आणि वाटेतच पकडला गेलो.

"मालवणवाले काका! काका गाणार!"

इथे एक सांगायला हवं. गावच्या जत्रेत मी दहा-बारा वर्षं नाटकात काम केलंय. आमच्याकडे जत्रेचं नाटक मध्यरात्रीला उभं राहतं ते पहाटेपर्यंत, आणि माझ्या नारदाच्या पदाला वन्समोअर आलेला आहे, साक्षीदार हयात आहेत. तेव्हा माईक हातात आल्यावर मला वाटलं, थांब, दाखवतोच तुला प्रॉपर गोवा म्हणजे काय. यमनातलं एक पद धरलं. डोळे मिटले. पहिली ओळ सुरेख लागली. दुसऱ्या ओळीला खालून धप्प धप्प धप्प असं काहीतरी सुरू झालं. डीजेने माझ्या यमनाला बीट दिली होती! डोळे उघडले तर समोर पंधरा-वीस जंटलमन हात वर करून उड्या मारतायत आणि त्यांच्यात मेहुणा.

नेमक्या त्याच वेळी डाव्या बाजूला कांपालची कला अकादमी आली. दिवे लागलेले. आत दीनानाथ सभागृहात मारिओ मिरांडांनी भिंतीवर प्रेक्षक रंगवून ठेवलेत, बॉक्समध्ये बसलेले, नटूनथटून. पूर्वी मला वाटायचं ती कलाकाराची गंमत आहे. आता वाटतं त्यांना पुढचं दिसत होतं. नाट्यस्पर्धेला गावातली पोरं दोन-दोन महिने तालमी करून, टेम्पोत सेट घालून येतात आणि समोर असतात परीक्षक, पुढच्या नाटकवाले आणि भिंतीवरचे ते. ते निदान मध्यंतरात उठून जात नाहीत. नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव आला की पणजीत पास गळ्यात घालून फिरायला सगळे, हे 2004 पासून बघतोय. एरवी म्हणाल तर शुकशुकाट. आणि दोष काय पर्यटकांनाच द्यायचा? त्या दिवशी गाण्याला मी तरी कुठे होतो?

फोंड्याजवळच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर अंतराळयानात बसून निघाली, ताऱ्यांमधल्या पोकळीत गेली. तिथे शांतता असणार. इथे धक्क्यापासून कांपालपर्यंत गोव्याचा एक सूर नेऊन दाखवा.

शेवटी मला बक्षीस मिळालं. "बेस्ट टुरिस्ट ऑफ द इव्हिनिंग", फेणीच्या बाटलीच्या आकाराची कीचेन. ती परत द्यायला, माईक परत द्यायला मी वळलो आणि बोट हलली, ते मी वर सांगितलंच. मेहुणा गेला इचलकरंजीला. जाताना म्हणाला, "दाजी, पुढच्या खेपेला कॅसिनोची बोट." कीचेन बायकोने स्कूटरच्या चावीला लावली आहे, बाजारात गेलं की खुळखुळते.

काल कला अकादमीतल्या त्या गाण्याला गेलेला मित्र भेटला. मी विचारलं कसं झालं. म्हणाला, "गाणें बरें जालें रे. पूण मध्यंतराक हांव च्या घेवन फाटल्यान न्हंयच्या देगेर उबो रावलों, थंयच्यान एक बोट वताली. तातूंत कोण तरी मालवणवालो काका, कसलो बोवाळ घालतालो, सांगूं नाका."

मी म्हटलं, "हय? आसतलो कोण तरी टुरिस्ट."