व्यापारयुद्धात रोखे ‘हमखास’ वाढतात म्हणे!

परवा मावशीने एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, “मुदत ठेव मोडून यात टाकू का?” मेसेजचा सारांश असा: व्यापारयुद्ध भडकलं की सरकारी रोखे, म्हणजे सरकारला दिलेल्या कर्जाचे कागद, हमखास वाढतात. त्यात मुद्दल बुडत नाही, म्हणून सगळ्यात लांब मुदतीचा रोखे फंड घ्या. आयातशुल्क परदेशी कंपन्या भरतात आणि त्यातून सरकारचं कर्ज फिटतं. शिवाय चीनने रोखे विकायला काढले की अमेरिका एका रात्रीत कोसळणार. विक्रीने रोखे असे कोसळणार असतील तर ते हमखास वाढतात कसे, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडलेला नाही.

मावशीचे पैसे मुद्दलाच्या मुद्द्यात अडकणार होते, म्हणून तोच आधी. सरकार मुदत संपल्यावर पैसे परत करतं, हे खरं. पण तोपर्यंत रोख्याचा बाजारभाव रोज हलतो आणि व्याजदर चढले की तो पडतो. ५ टक्के व्याजाचा, ३० वर्षांचा, १०० दर्शनी किमतीचा रोखा घ्या. बाजारातला दर ६ टक्के झाला की त्याचे जेमतेम ८६ येतात. तोच रोखा २ वर्षांचा असता तर ९८ आले असते. म्हणजे ‘सगळ्यात लांब मुदत’ हा सल्लाच सगळ्यात जोखमीचा. रोखा स्वतःकडे असेल तर मुदतीपर्यंत थांबता तरी येतं. नेहमीच्या फंडाला मुदतच नसते. काढाल त्या दिवशीचा भाव पदरात पडतो. मार्च २०२३मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेने ठेवीदारांना पैसे देण्यासाठी असेच ‘सुरक्षित’ रोखे विकले, १.८ अब्ज डॉलरचा तोटा जाहीर केला आणि दोन दिवसांत बँकेला टाळं लागलं. असा लांब मुदतीचा फंड कोणी निवृत्त माणसाच्या गळ्यात मारतं तेव्हा संताप येतो.

रोखे वाढतात हे अर्धसत्य मात्र मान्य करावं लागेल. अमेरिका-चीन व्यापारवादात अमेरिकेच्या १० वर्षांच्या रोख्याचं यील्ड (बाजारभावाला घेतल्यास मिळणारा परतावा; भाव चढला की तो उतरतो) नोव्हेंबर २०१८च्या सुरुवातीस ३.२ टक्क्यांच्या आसपास होतं, ते ऑगस्ट २०१९मध्ये दीड टक्क्यावर आलं. ज्यांनी रोखे धरून ठेवले त्यांनी कमावलं. पण अमेरिकेच्या २ एप्रिल २०२५च्या शुल्कघोषणेनंतर काय झालं? यील्ड आधी ४ टक्क्यांपर्यंत उतरलं आणि आठवड्याभरात साडेचारपर्यंत चढलं. ३० वर्षांच्या रोख्याने ५ टक्केही ओलांडले. त्याच दिवसांत डॉलरही घसरला. शुल्काने उद्योग मंदावले तर यील्ड उतरतं. महागाईची आणि सरकारी उसनवारीची धास्ती वरचढ ठरली तर चढतं. कोणती बाजू जिंकेल हे आधी कुणालाच कळत नाही.

शुल्क भरतो तो आयातदार, आपल्याच देशाच्या कस्टमकडे. अमिती, रेडिंग आणि वाइनस्टाइन या अर्थतज्ज्ञांनी २०१८च्या अमेरिकी शुल्कांचा हिशेब मांडला, तेव्हा जवळजवळ सगळा भार देशांतर्गत खरेदीदारांवरच पडलेला दिसला. कर्ज फिटण्याचं म्हणाल तर अमेरिकेचं कर्ज तेव्हापासून वाढतच गेलं आहे.

चीनबद्दल थोडक्यात: २०१३मध्ये त्याच्याकडे १,३०० अब्ज डॉलरचे अमेरिकी रोखे होते, २०२४च्या अखेरीस ८०० अब्जांपेक्षा कमी उरले. अमेरिका कोसळली नाही.

मावशीला दोन वर्षांनी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे लागणार आहेत. त्या फंडाच्या माहितीपत्रकात ‘मॉडिफाइड ड्युरेशन’ १२ लिहिलं होतं. दर एक टक्का चढले तर साधारण १२ टक्के घट, एवढं फोनवर समजावलं. ठेव तिने मोडली नाही.