तर्जनीला वळण लावताना

तर्जन म्हणजे धमकावणं, म्हणून धाक दाखवणारं बोट ते तर्जनी. माझ्या तर्जनीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या आणि उरलेल्या वेळात बेल, लिफ्ट, रिमोट, मोबाइल यांची बटणं दाबली. दाबणं हाच तिचा पिढीजात धंदा. अशा बोटाला उतारवयात मी एअरब्रश दिला आणि म्हटलं, "बाई, आता दाबायचं, आणि दाबलेलं न सोडता हळूच मागे ओढायचं." हे तिला अजून पटलेलं नाही.

एअरब्रश म्हणजे हवेच्या झोताने रंग फवारणारं अवजार. त्यातला डबल अॅक्शन एअरब्रश दिसतो जाडजूड पेनासारखा. त्याच्या पाठीवर एक ट्रिगर. खाली दाबला की हवा येते, मागे ओढला की आतली सुई मागे सरकते आणि ०.३ मिलिमीटरच्या नोझलमधून रंग येतो. जेवढं ओढाल तेवढा रंग. ट्रिगरचा सगळा प्रवास काही मिलिमीटरांचा, आणि बारीक रेघ हवी तर त्यातला पहिला केसभर. त्या केसभर जागेत माझी तर्जनी कधी थांबलीच नाही. एक तर निघतच नाही, निघाली की थेट शेवटचं स्टेशन.

माझी हौस १/७२ प्रमाणातल्या विमानांची. परवा एका पंखावर कॅमोफ्लाजची नागमोडी कड काढत होतो. बोट घसरलं, भसकन रंग आला आणि हवेने त्याला आठ पाय फोडले. चांगला ३ सेंटीमीटरचा कोळी. सवयीने मनात ७२ ने गुणलं: २ मीटर १६ सेंटीमीटर. खऱ्या विमानाच्या पंखावर एवढा कोळी बसलेला पाहून वैमानिकाने रजाच टाकली असती.

नाचता येईना, तेव्हा मी अंगण तपासायला घेतलं. सुई काढून पाहिली, तर टोकाला खरंच गळासारखा बाक! कोण आनंद झाला. वाकड्या सुईने फवारा एका बाजूला जातो, हे खरंच आहे. नवी सुई घातली. कोळी पुन्हा आला, फक्त आता अगदी मधोमध.

मग स्प्रिंग. ओढलेल्या ट्रिगरला पुन्हा पुढे रेटणाऱ्या स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करता येतो. मी तो इतका सैल केला की सोडलेली सुई घरी परतेना आणि रंग ठिबकत राहिला. रागाने घट्ट केला, तर अर्ध्या तासात बोटाला पेटका. शेवटी कळलं, ट्रिगर आपणहून परत येईल इतपतच कडक हवा. माझ्या एअरब्रशच्या मुठीच्या शेवटी आणखी एक स्क्रू आहे, तो सुईला ठरावीक जागेपलीकडे मागे जाऊच देत नाही. जाणकार मंडळी त्याला नाकं मुरडतात. मुरडोत. ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं बांधण्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

या सगळ्या काळात बायको शांतपणे बघत होती. एकदा म्हणाली, "अहो, रंगवताय की गळा दाबताय त्याचा?" बघतो तर बोटांची पेरं पांढरी, खांदे कानापाशी, दातांवर दात. शिवाय टेबलावरून लोंबणारी हवेची नळी एअरब्रशला खाली खेचत होती आणि मी इमानाने तिच्याशी रस्सीखेच खेळत होतो. आता नळीचा एक वेढा हाताभोवती घेतो, तिचं ओझं हातावर जातं. कोपर टेबलावर, डाव्या हाताची दोन बोटं पुढच्या बाजूला आधाराला. पातळ रबरी हातमोजा घातल्यावर ट्रिगर निसटायचाही थांबला. निम्मं दुखणं त्या नळीचंच होतं, पण ते बायकोला सांगितलेलं नाही.

उरली ती शिस्त. आधी हवा, मग रंग. थांबताना आधी रंग बंद, हवा शेवटी. माझी तर्जनी मात्र चटका बसल्यासारखी एकदम सगळंच सोडून देई. मग टोकाशी रंग साचायचा आणि पुढची रेघ सुरू होण्याआधी एअरब्रश माझ्या कामावर चक्क थुंकायचा. मत त्याचं बरोबर होतं, पण तरी.

म्हणून विमानं कपाटात गेली आणि आलेखाचा कागद बाहेर आला. दुधाइतका पातळ रंग, कंप्रेसरचा दाब १५ ते २० पीएसआयच्या दरम्यान, आणि प्रत्येक चौकोनात एक ठिपका. पहिल्या आठवड्याची ओळ अशी: मुंगी, मुंगी, काहीच नाही, झुरळ. तिसऱ्या आठवड्यात सलग अकरा मुंग्या निघाल्या. मी बायकोला हाक मारली. ती येऊन उभी राहिली आणि बारावी झुरळ निघाली.

पण आत कुठेतरी काहीतरी मुरतंय खरं. काल लिफ्टचं बटण दाबलं आणि दाबलेलं न सोडता, अलगद, केसभर मागे ओढायला गेलो. बोट घसरलं. पुन्हा दाबलं, पुन्हा ओढलं. शेजारचे गृहस्थ बराच वेळ बघत होते. मग हळूच म्हणाले, "नुसतं दाबा हो."