आंद्रेला पहिल्यांदा उचललं ते रेसलमेनियात नाही

आंद्रे द जायंट हा धिप्पाड कुस्तीगीर 15 वर्षं हरलाच नव्हता आणि 1987 च्या रेसलमेनिया 3 या अमेरिकेतल्या कुस्तीच्या मोठ्या शोमध्ये हल्क होगन या पैलवानाने त्याला पहिल्यांदा उचलून आपटलं, असं परत फिरतंय, पण ते खरं नाहीये. खुद्द होगननेच 1980 मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये त्याला आपटलं होतं, आणि ती मॅच आंद्रे जिंकला होता! 1981 ला जपानमध्ये स्टॅन हॅन्सननेही उचललं, ती मॅच तर बघाच, दोन अवाढव्य गडी एकमेकांवर नुसते आदळतात, मला ती रेसलमेनियापेक्षा कितीतरी भारी वाटते. 1986 ला नागोयात अँटोनियो इनोकीने हात धरून असा ताणला की आंद्रेला हार मानावी लागली. तेव्हा प्रत्येक भागाचा प्रमोटर (मॅच भरवणारा) वेगळा, टीव्ही वेगळा, जपानचं अमेरिकेत कोण बघणार, म्हणून '15 वर्षं हरला नाही, पहिल्यांदाच उचललं' ही जाहिरात खपली.