यहोयाखीन आठ वर्षांचा की अठरा?

ईस्टर जवळ आला की आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो मजकूर न चुकता फिरतो. "४० लेखक, १५०० वर्षं, ३ खंड, तरी एकही विसंगती नाही. मृत समुद्राच्या गुंडाळ्यांनी सिद्ध केलं की एक अक्षरही बदललेलं नाही. पृथ्वी गोल आहे हे यशयाने आधीच सांगितलं. आपण निर्दोष आहोत असं बायबल स्वतःच म्हणतं." खाली दहा-बारा 'आमेन'. मी दर रविवारी उपासनेला जाणारा माणूस आहे. तरी ह्याला माझ्याच्याने आमेन म्हणवत नाही, आणि त्याला कारण बायबलच.

"एकही विसंगती नाही." २ राजे २४:८ प्रमाणे यहूदाचा राजा यहोयाखीन गादीवर बसला तेव्हा १८ वर्षांचा होता. २ इतिहास ३६:९ मध्ये बहुतेक हिब्रू हस्तलिखितं ८ म्हणतात. पुढे त्याला कैद करून बाबेलात (बॅबिलोनात) नेलं तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या बायकाही नेल्या, म्हणजे १८च खरं असणार. नक्कल करताना 'अठरा'तला 'दहा'चा शब्द गळला असावा. ही झाली लेखनिकाची डुलकी, तिच्यावर कोणाची श्रद्धा अडू नये.

दावीद राजाच्या शिरगणतीचं तसं नाही. २ शमुवेल २४ मध्ये लोकांची गणती करायला दाविदाला चिथावतो तो रागावलेला परमेश्वर. १ इतिहास २१ मध्ये, त्याच प्रसंगात, चिथावणारा आहे सैतान. आकडेही जुळत नाहीत: एकीकडे इस्राएलाचे ८ लाख आणि यहूदाचे ५ लाख, दुसरीकडे ११ लाख आणि ४ लाख ७० हजार. आकड्यांचं सोडून देऊ. पण 'परमेश्वरा'च्या जागी 'सैतान' हा काही हात घसरल्याचा प्रकार नव्हे. 'इतिहास' नावाची ही दोन पुस्तकं बाबेलातल्या बंदिवासानंतरची. ज्याने ती लिहिली त्याला देवानेच पापाला उद्युक्त करावं हे पटलं नसावं, असं मला वाटतं. म्हणजे बायबलच्या आतच एक लेखक दुसऱ्याशी वाद घालतोय. आणि ज्यांनी हे ग्रंथ एकत्र बांधले त्यांनी दोन्ही ठेवले! ते लोक आपल्या ग्रुपपेक्षा धीट होते.

"एक अक्षरही बदललेलं नाही." मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांतल्या ह्या प्राचीन हस्तलिखित गुंडाळ्या १९४७पासून हाती येऊ लागल्या. त्यातली यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची मोठी गुंडाळी सात मीटरहून लांब आहे आणि मध्ययुगातल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षं जुनी. दोन्हींचा मेळ खरोखर थक्क करणारा आहे, हे मान्यच. पण फरक आहेतच, बहुतेक वर्णलेखनाचे, काही शब्दांचे. यशया ५३:११ मध्ये तिथे 'प्रकाश' हा शब्द आहे, जो नंतरच्या प्रमाण हिब्रू पाठात नाही. त्याच गुहांत यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचे तुकडे सापडले, त्यातले काही ग्रीक भाषांतरातल्या आखूड पाठाशी जुळतात. तो पाठ आपल्या यिर्मयापेक्षा सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे.

शिवाय ह्या गुंडाळ्यांत बायबलचं जे आहे ते हिब्रू शास्त्रांचं, म्हणजे जुन्या कराराचं. नव्या कराराबद्दल त्या काहीच सिद्ध करत नाहीत. तिथे चौथ्या शतकातली दोन थोर हस्तलिखितं पाहा. मार्कचं शुभवर्तमान त्यात १६:८ला, येशूच्या रिकाम्या कबरेपासून स्त्रिया घाबरून पळाल्या, तिथेच थांबतं. 'जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा' हा माझा जीव की प्राण असलेला प्रसंगही त्यात नाही. १ योहान ५:७ मधलं त्रैक्याचं (पिता, पुत्र, पवित्र आत्मा एकच असल्याचं) वाक्य इरॅस्मस ह्या विद्वानाने १५१६ आणि १५१९च्या ग्रीक आवृत्त्यांत घेतलं नव्हतं. टीका झाली, आणि १५२२मध्ये ते आत आलं. म्हणून 'सगळं भ्रष्ट झालंय' म्हणणाऱ्यांनीही टाळ्या पिटू नयेत: कुठे काय शिरलं हे आपल्याला कळतं ते जुन्या प्रती हजारोंनी टिकल्या म्हणूनच.

गोल पृथ्वीचं थोडक्यात. यशया ४०:२२ मधल्या हिब्रू शब्दाचा अर्थ वर्तुळ. चेंडूसाठी यशयाकडे दुसरा शब्द होता, तो २२:१८ मध्ये वापरलाय. ईयोब २६:७ मध्ये पृथ्वी निराधार टांगलेली आहे हे आपण मिरवतो, पण चारच ओव्यांनंतर आकाशाचे खांब थरथरतात. ते कोण मिरवणार? कवितेला कविता राहू द्या.

उरलं "बायबल स्वतःच म्हणतं". आधार २ तीमथ्य ३:१६, म्हणजे तीमथ्य ह्या शिष्याला लिहिलेलं पत्र. त्यातला 'ईश्वरप्रेरित'साठीचा ग्रीक शब्द नव्या करारात एकदाच येतो, आणि वाक्य पुढे सांगतं की असं शास्त्र शिकवायला, चूक दाखवायला, सुधारायला उपयोगी आहे. बिनचूक असल्याचं तिथे म्हटलेलं नाही. शिवाय आधीच्याच ओवीत तीमथ्याला बालपणापासून माहीत असलेल्या शास्त्रांचा उल्लेख आहे. त्याच्या बालपणी शुभवर्तमानं होती कुठे?

प्रेरणा आणि निर्दोषता ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ग्रुपवर त्यांची खिचडी होते. पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्यात घालवली. १९२२मध्ये त्या गेल्या, ग्रंथ १९२४ला निघाला. अक्षर न् अक्षर जर अढळ असेल, तर त्या बाई इतकी वर्षं शब्द कशाला निवडत बसल्या?

हे सगळं एकदा मी ग्रुपवर लिहिलं, तेव्हा एका काकांचं उत्तर आलं: "चुका नकलांत, मूळ प्रतीत नाहीत." काकांना ठाऊक नसेल, पण निर्दोषतेच्या पुरस्कर्त्यांनी १९७८मध्ये शिकागोत काढलेलं निवेदनही हेच म्हणतं: प्रेरणा काटेकोरपणे मूळ लिखाणापुरती. मी विचारलं, "काका, ती मूळ प्रत कुठे आहे?" पुढच्या ईस्टरला मजकूर पुन्हा आला, त्याच काकांकडून.