तांबेकर वाड्याच्या बंद दाराबद्दल

नमस्कार ताई,

आमच्या जुन्या बडोद्याच्या वॉकला तुम्ही दिलेल्या दोन ताऱ्यांवर माझी तक्रार नाही. "दोन तासांचा वॉक सव्वातीन तास चालला, सासूबाईंचे गुडघे धरले आणि ज्या तांबेकर वाड्यासाठी पुण्याहून आलो, तो आम्ही पोचेपर्यंत बंद झाला होता," हे तुम्ही लिहिलंय ते अक्षरशः खरं आहे. वाडा आपल्या वेळेलाच बंद झाला, उशीर माझ्यामुळे झाला. त्या दिवशी वॉक मीच घेत होतो आणि मांडवीत रमलो.

मांडवीच्या कमानीखाली उभं राहिलं की चार दिशांना चार रस्ते फुटतात आणि लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडी या चार दरवाज्यांशी जातात. जुनं बडोदं तिथे उभ्या उभ्या कळतं. त्यात पुढे सेंट्रल लायब्ररी! सयाजीरावांनी १९१० साली थेट अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना बोलावून घेतलं. पुस्तकांच्या मांडण्यांमधली जमीन काचेची, म्हणजे वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत पोचावा. हे पाच मिनिटांत उरकणं मला जमत नाही. (बायको म्हणते, तुमच्याबरोबर शिट्टी घेऊन एक माणूस पाठवायला हवा.)

पण त्यापायी तुमचा वाडा गेला. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या वाड्यातल्या भिंतींवर कृष्णाच्या कथा आहेत, महाभारत आहे, इंग्रज-मराठे लढाईसुद्धा आहे. हे सगळं रावपुऱ्याच्या रस्त्यावर उभं राहून माझ्या तोंडून ऐकायचं, म्हणजे बंद स्वयंपाकघराबाहेर बसून वासावर जेवायचं. तिघांचे पूर्ण पैसे आज परत पाठवतो.

दोन गोष्टी मात्र मान्य नाहीत.

"बडोद्यात येऊन लक्ष्मीविलास पॅलेस दाखवला नाही." तो आमच्या वॉकमध्ये कधीच नव्हता, बुकिंग करताना ठिकाणांची यादी दिली होती. पॅलेसला वेगळं तिकीट असतं, ऑडिओ गाइड मिळतो, तिथे माझी गरज नाही. पोळांमध्ये, म्हणजे जुन्या शहरातल्या दरवाजाबंद वस्त्यांमध्ये, आहे.

आणि "गाइडचं मराठी गुजरातीमिश्रित" याबद्दल काय बोलू! आमच्या चार पिढ्या दांडिया बझारात गेल्या, आजीसुद्धा असंच बोलायची. पोळीला गल्ली म्हटलं तर चुकेल, असं म्हणणार होतो, तर बघा, 'पोळ'चं रूप चालवलं की ताटातली पोळी होते. म्हणून तो शब्द मी तसाच ठेवतो. एकच तोंड, त्याला दरवाजा, आत एकमेकांना चिकटलेली घरं आणि प्रत्येकाचा ओटला: एवढं सगळं 'गल्ली'त मावत नाही.

या रविवारपासून क्रम उलटा केलाय: आधी तांबेकर वाडा, शेवटी मांडवी. वेळ अडीच तास लिहिलीय आणि मध्ये रिक्षाची सोय ठेवलीय. पुन्हा आलात तर तुमच्याकडून पैसे घेणार नाही.

सासूबाईंनी न्यायमंदिरासमोर, म्हणजे चिमणाबाईंच्या नावाच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीसमोर, विचारलं होतं, "ही चिमणाबाई कुठली?" घाईत उत्तर राहून गेलं. त्यांना सांगा, पहिल्या चिमणाबाई, सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी, तंजावरच्या मोहित्यांच्या. त्या १८८५ मध्येच गेल्या, इमारत झाली १८९६ साली.