‘पाराप्पा’ला मार्क दिसण्याचे मिळाले नव्हते

‘पाराप्पा द रॅपर’ या १९९६च्या, तालावर बटणं दाबून रॅप करायच्या व्हिडिओ गेमबद्दल एक मत सगळीकडे फिरत असतं. कागदासारखा चपटा कुत्रा आणि रॅप शिकवणारा कांदा पाहून त्या काळचे परीक्षक भुलले आणि विक्षिप्तपणालाच मार्क देऊन बसले. गेम तासाभरात संपतो, टायमिंग धड नाही आणि २०१७च्या रीमास्टरने (नव्या यंत्रांसाठी सुधारून काढलेल्या आवृत्तीने) त्याचं पितळ उघडं पाडलं, असं हे मत. मला ते अजिबात मान्य नाही.

आधी दिसण्याचं बघू. चित्रकार रॉडनी ग्रीनब्लाट यांची पात्रं पहिल्या नजरेत लक्ष वेधून घेतात, यात वाद नाही. पण १९९८च्या पहिल्या इंटरॅक्टिव्ह अचीव्हमेंट अवॉर्ड्स या गेम-पुरस्कारांमध्ये या गेमला पुरस्कार मिळाले ते इंटरॅक्टिव्ह डिझाइन आणि ध्वनी-संगीत यांसाठी, चित्रांसाठी नव्हे. आणि ते योग्यच होतं. गेमचे कर्ते मासाया मात्सुउरा हे मुळात संगीतकार, त्यामुळे गेमचा सांगाडाच सवाल-जवाबाचा आहे. मास्टर, म्हणजे त्या स्टेजचा रॅप शिकवणारा गुरू, एक ओळ म्हणतो, ती तुम्ही बटणांनी परत करायची. प्रत्येक बटण दाबताच त्या जागेचा शब्द पाराप्पाच्या आवाजात तिथल्या तिथे वाजतो. तेच बटण मध्येच आणखी एकदा दाबलंत तर शब्द अडखळल्यासारखा दोनदा येतो, आणि ठेका सांभाळलेला असेल तर ते अडखळणंसुद्धा लयीत बसतं. दाबलंच नाही, तर पाराप्पा गप्प. तालावरचे पुढचे गाजलेले गेम नंतरचे: बीटमेनिया १९९७च्या शेवटी आला, डान्स डान्स रेव्होल्यूशन १९९८मध्ये. पाराप्पा डिसेंबर १९९६चा. त्याच्यासमोर गिरवायला फारसे नमुने नव्हते.

“तासाभरात संपतो.” हो, सहाच स्टेज आहेत, आणि गेम छोटा असल्याची तक्रार तेव्हाच्या परीक्षणांतही होती. म्हणजे भुललेल्या परीक्षकांना हे दिसलं नाही, हा आरोप तिथेच गळून पडतो. शिवाय तुमच्या रॅपला गेम देतो ते ‘गुड’ रेटिंग टिकवून शेवटापर्यंत पोचणं हा गेमचा अर्धाच भाग. ‘गुड’वरून ‘कूल’वर जायचं तर दाखवलेली ओळ जशीच्या तशी म्हणून भागत नाही, तिच्यात स्वतःची भर घालावी लागते. ती जमली की मास्टर पडद्यावरून निघून जातो आणि पुढचा रॅप सर्वस्वी तुमचा. हे एकदाही न करता “संपवला” म्हणणाऱ्यांनी गेमचा गाभा पाहिलेलाच नाही, असं मी ठामपणे म्हणेन. (पाचवी स्टेज तर निव्वळ आनंद आहे: टॉयलेटच्या रांगेत आधीचे चारही मास्टर उभे, आणि पुढे सरकायचं तर एकेकाला रॅपमध्ये हरवायचं.)

टायमिंगच्या तक्रारीत मात्र थोडं तथ्य आहे. मार्क कशाचे मिळतात, कशाचे कापले जातात, हे गेम नीट सांगत नाही, आणि नवख्याला तो अन्याय वाटतो. पण पडद्याच्या वरच्या पट्टीवरची बटणांची चिन्हं बघून बटणं दाबणारा इथे हमखास घसरतो. ही पट्टी फक्त आठवण करून देते; ताल ऐकायचा असतो तो मागच्या ड्रम्समधून.

रीमास्टरचा मुद्दा तर उलटाच लागू होतो. मूळ गेम जुन्या काचेच्या टीव्हीसाठी बनला होता, आणि त्यावर सिग्नल आला की जवळजवळ लगेच दिसायचा-ऐकू यायचा. आजचा सपाट टीव्ही चित्रावर आणि आवाजावर प्रक्रिया करतो, त्यात काही मिलिसेकंद जातात. ऐकून उत्तर द्यायच्या गेममध्ये आवाजच उशिरा पोचला, तर अचूक वाजवणाराही बेताल ठरतो. २०१७मध्ये पुष्कळ परीक्षकांनी नाराजी दाखवली ती याच टायमिंगवर. तेव्हा रीमास्टरवरून मूळ गेमचं माप काढायच्या आधी टीव्हीचा गेम मोड (हा उशीर कमी करणारं सेटिंग) लावा, ब्लूटूथ स्पीकर बंद करा, आणि कांद्याची पहिली स्टेज पट्टीकडे न बघता खेळा.