व्हीलचेअर वाटप यशस्वी कसं करावं

तुमच्याकडं चार पैसे जास्तीचे झाले असतील, किंवा यंदा वॉर्डात उभं राहायचं मनात असेल, किंवा शिरोलीच्या कारखान्यात नफ्यातले समाजकार्यासाठीचे, म्हणजे सीएसआरचे २ टक्के मार्चअखेरपर्यंत खपवायचे राहिले असतील, तर दिव्यांगांसारखा विषय नाही. झाडं लावली तर पुढच्या वर्षी कुणीतरी विचारतंच, जगली का? रक्तदान शिबिर घेतलं तर पहिली सुई स्वतःला टोचून घ्यावी लागते. व्हीलचेअरचं तसं नाही. ती एकदा दिली की तिचं पुढं काय झालं, हे विचारायला कोल्हापुरात कुणी फिरकत नाही.

लाभार्थी निवडताना मात्र डोकं चालवा. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यानं ते २१ केले. त्यात थॅलेसेमिया आहे, सिकलसेल आहे, स्वमग्नता आहे. यांच्या नादाला लागू नका. स्वमग्न पोरगं फोटोत चांगलं धडधाकट दिसतं आणि ऐन सत्काराच्या वेळी कानावर हात ठेवून ओरडत सुटतं. कर्णबधिर माणूस तर प्रेक्षकांतलाच वाटतो. आपल्याला चाकं दिसायला पाहिजेत.

तारीख ३ डिसेंबरच धरा. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ मध्ये दिव्यांगांसाठी हा दिवस ठरवून दिला आणि २०२२ मध्ये याच तारखेला महाराष्ट्रानं दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातंही काढलं. त्यामुळं पाहुण्यांना त्या दिवशी पाच ठिकाणी जायचं असतं आणि आपल्याकडं ते दीडला पोचतात. लाभार्थ्यांना नऊलाच बोलवा. नऊला आलेल्या माणसाला अकरापर्यंत लघवीला जायचं असतं, हॉलच्या संडासाचा दरवाजा दोन फुटांचा असतो आणि खुर्ची त्याहून रुंद असते. पण हा विषय संयोजन समितीपुढं येत नाही. येऊ देऊही नका. मुरलेले लाभार्थी कार्यक्रमाच्या आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहीत, त्यांना सगळं ठाऊक असतं.

हॉल पहिल्या मजल्यावरचा स्वस्त पडतो. लिफ्ट नसू द्या. कुस्तीच्या या गावात उचलायला माणसांची वाण कधी पडली? तालमीतली चार पोरं सांगून ठेवा, ती मोठ्या माणसांनाही खुर्चीसकट वर नेतील. खुर्चीतल्या माणसाला विचारायची पद्धत नाही. एखादा बीकॉम झालेला, बँकेत नोकरी करणारा गडी ‘मला खालीच राहू द्या’ म्हणाला तर ‘लाजू नका ओ, आपलीच पोरं हायेत’ असं म्हणून उचलावं.

कुणी रॅम्पचा हट्ट धरलाच तर तो नियमानं करायच्या फंदात पडू नका. एक इंच उंचीला बारा इंच उतार असं माप आहे. म्हणजे सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असल्या तर अठरा फूट रॅम्प आला. अठरा फुटांत आपल्याकडं दोन टपऱ्या आणि एक नाष्ट्याची गाडी बसते! बुलेट आत घ्यायला दारात कोबा ओततात, तसला तीन फुटांचा ओतून घ्या, त्यावर निळ्या पाटीत चाकाचं चित्र लावा. चढेल तो चढेल.

आता खरेदी. खुर्च्या घाऊक घ्याव्यात, एकाच मापाच्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली यावर एक मार्गदर्शिका काढली. माणसाची मापं घ्या, घर आणि रस्ता बघा, बसवून जुळवा, वापरायला शिकवा, नंतर दुरुस्ती आणि पाठपुरावा करा, अशा आठ पायऱ्या त्यात आहेत. आपल्या हॉललाच सोळा पायऱ्या, ह्या आणखी आठ कुठं चढवता? अठरा इंची सीट सरसकट सगळ्यांना. त्यात आठ वर्षांचं सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूला इजा होऊन अंगावरचा ताबा गेलेलं) पोरगं ठेवलं की ते एका बाजूला कलतं आणि वर्षानुवर्षं तसंच बसलं तर पाठीचा कणाही त्याच बाजूला जातो. पण तोवर पेपरातलं कात्रण पिवळं पडलेलं असतं. गादी वगळा. फोटोत गादी दिसत नाही, वर बसलेला माणूस दिसतो. मणक्याला मार लागलेल्याला गादीवाचून बसून बसून जखमा होतात आणि त्या चिघळतात, हे खरं. कमरेखाली जाणीव नसल्यानं त्याला दुखत नाही, आणि दुखत नसेल तर तक्रार कसली?

इथवर सगळं सोपं आहे. अडचण येते ती गावोगाव फिरून काम करणाऱ्या संस्थांची. १९७८ च्या अल्मा-आटा इथल्या जागतिक आरोग्य परिषदेनंतर जगात एक खूळ निघालं की दिव्यांगांना उचलून शहरातल्या केंद्रात आणण्यापेक्षा त्यांच्या घरी, त्यांच्या गावात जाऊन काम करावं. त्याला समुदाय आधारित पुनर्वसन असं भारदस्त नाव आहे. प्रत्यक्षात असते एक ताई, तिची जुनी स्कूटी आणि तिच्या वाटणीची गावं. ही ताई गगनबावड्याच्या पावसात एखाद्या वाडीवर जाते, पोराला दोन भिंतींच्या कोपऱ्यात टेकवून कसं बसवायचं ते आईला दाखवते, परड्यात बांबू रोवून चालायचा सराव करायला कठडे बांधून घेते, मुख्याध्यापकांशी हुज्जत घालून पोराचं नाव दाखल करते. मग पुढच्या आठवड्यात परत जाते. तिसऱ्या आठवड्यातही जाते.

यात उद्घाटन कशाचं करायचं सांगा? फीत लावायची ती बांबूला?

असल्या संस्थेची माणसं तुमच्या ऑफिसात येतील. खुर्च्या नकोत, असं म्हणतील. ऐकून धक्का बसेल, पण चहा पाजा. त्यांना ताईचा पगार हवा असतो, पेट्रोल हवं असतं आणि फिजिओथेरपिस्टला महिन्यातून दोनदा आजऱ्याला न्यायला गाडी हवी असते. तेव्हा चेहरा गंभीर करून ‘आम्ही प्रशासकीय खर्चाला देत नाही’ म्हणावं. वाक्य पाठ करून ठेवा, कुठंही चालतं. पगार न घेता काम करणारी माणसं शोधा, असा सल्लाही जोडून द्यावा. तुमच्या कारखान्यातला सुपरवायझर किती घेतो, हे त्यांना विचारू देऊ नका.

त्यांनी नसीमादीदी हुरजूक यांचं नाव काढलं तर विषय बदला. बाईंनी स्वतः चाकाच्या खुर्चीवरून १९८४ मध्ये याच कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. वसतिगृह, शाळा, रोजगार, सगळं मागं लागून केलं. अशा माणसांचा सत्कार करावा, शाल घालावी, आपल्या गावचं भूषण म्हणावं. त्यांनी केलं ते करायला जाऊ नये, त्यात आयुष्य जातं.

आणि त्या ताईपासून गावच्या पुढाऱ्यांनाही सावध करा. ती सुरुवातीला गरीब दिसते. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी चंदगडहून कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात यायचं म्हणजे शंभरावर किलोमीटर. तिथं चार जणांना एका जीपमध्ये घालून आणते, कागद पुरे करून घेते. इथवर आपण कौतुक करतो. पण एकदा युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, हातात पडलं की ती त्याच चौघांना घेऊन ग्रामसभेत बसते आणि विचारते, ‘सरपंचसाहेब, उत्पन्नातला ५ टक्के दिव्यांग निधी कुठं खर्च झाला?’ तो कुठं झाला हे बऱ्याच वेळा ग्रामसेवकालाही आठवत नाही. मग शोधाशोध, मग बोलाचाली. काल ज्यांना उचलून गाडीत ठेवत होतो ते आज हिशेब मागतात! म्हणून म्हणतो, खुर्ची द्यावी, वर एखाद्याला ब्लँकेटही द्यावं. ग्रामसभेची तारीख तेवढी सांगू नये.

कार्यक्रमात भाषण पाहुण्यांनीच करावं. लाभार्थ्याला माइक दिला तर फक्त ‘आभारी आहे’ म्हणण्यापुरता, आणि देणाऱ्यानं स्वतःच्या हातात धरून. जेवणात मसालेभात, जिलेबी ठेवा. तांबडा-पांढरा ठेवलात तर कार्यकर्तेच लाभार्थी होतील.

महिन्याभरानं एखाद्याचा फोन येईल. पुढचं चाक निखळलंय, किंवा घराचा उंबरा ओलांडत नाही म्हणून खुर्ची गोठ्यात उभी आहे आणि तिच्यावर वैरण ठेवलीय. रागावू नका, नंबर सेव्ह करून ठेवा. पुढच्या ३ डिसेंबरला लाभार्थी कमी पडले की हाच गडी उपयोगाला येतो, खुर्चीसुद्धा धुऊन परत देता येते. फक्त येताना शर्ट वेगळा घालून ये म्हणावं, दोन वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की कळतं.